धावपट्टीवरून थेट कक्षेत? आधी वजनाची वही दाखवायला सांगा

प्रश्न थोडक्यात असा: "एअरोस्पेस इंजिनिअर आहे, पाच वर्षांचा अनुभव. एका स्टार्टअपकडून नोकरीचं बोलावणं आलंय. कक्षेत जाऊन परत येणारं, पुन्हा पुन्हा वापरता येईल असं अंतराळविमान ते बनवतायत. एकच टप्पा, वाटेत काही गळून पडणार नाही, रुळांवर रॉकेटनं पळवलेल्या गाडीवरून (रॉकेट-स्लेडवरून) सुटायचं आणि साध्या धावपट्टीवर उतरायचं. हे खरंच होण्यासारखं आहे की गुंतवणूकदारांसाठी रंगवलेलं चित्र? जाऊ का नको?"

तुम्हाला निर्णय घ्यायचाय म्हणून आधी थेट सांगतो. भौतिकशास्त्राची याला ना नाही, फक्त हातात शिल्लक फार थोडी राहते. या कंपनीकडे ती शिल्लक किती उरली आहे ते तुम्हाला मुलाखतीतच कळू शकेल, चित्रं बाजूला ठेवून वजनाचा हिशोब विचारलात तर.

माझी पंचवीसेक वर्षं उष्णतारोधक आवरण आणि यानाची रचना या कामात गेली. पंख असलेली यानं पाहिली, नसलेलीही पाहिली. कल कुठे आहे ते आधीच कबूल करतो: मला पंख आवडतात, आणि पंखांनी मला रडवलंय तेवढं दुसऱ्या कशानं रडवलेलं नाही.

आता हिशोब. खालच्या कक्षेत टिकून राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात वाया जाणारा वाटा धरला तर रॉकेटला ९.३ किलोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास मेहनत करावी लागते. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन ही आपल्याकडची सगळ्यात कसदार व्यवहार्य जोडी. तिचा वाटभरचा सरासरी स्पेसिफिक इम्पल्स (इंधनातून किती जोर मिळतो त्याचं माप) ४३५ सेकंद धरा आणि रॉकेटचं समीकरण मांडा. सुटताना जेवढं वजन होतं त्याच्या ११.३ टक्के कक्षेत पोचतं. बाकीचं सगळं नोझलमधून मागे. केरोसीन घेतलं तर हाच आकडा सहा टक्क्यांच्या जवळ येतो.

अकरा टक्के म्हणजे किती? कोंबडीच्या अंड्याचं कवच अंड्याच्या वजनाच्या साधारण दहा-अकरा टक्के असतं. तेवढ्या कवचात टाक्या, इंजिनं, पंख, चाकं, उष्णतेपासून वाचवणारं आवरण, बॅटऱ्या, संगणक, माणसं न्यायची असतील तर त्यांची हवाबंद खोली, आणि शेवटी ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो गिऱ्हाइकाचा माल, असं सगळं बसवायचं. शिवाय अंडं परत आल्यावर पुन्हा भरून उडवायचं. प्रवासी विमानाचं रिकामं वजन उड्डाणाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतं. त्यामुळे "विमानासारखं" हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. विमानाच्या इंजिनिअरला निम्मं वजन खेळायला मिळतं.

पाचशे टनांचं यान घेऊ. कक्षेत पोचणार ५६ ते ५७ टन. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या नारिंगी बाह्य टाकीची शेवटची आवृत्ती रिकामी २६.५ टनांची होती आणि तिच्यात सुमारे ७३५ टन द्रव मावायचं. म्हणजे टाकीचं वजन द्रवाच्या ३.६ टक्के, आणि तीही एकदा वापरून समुद्रात टाकायची टाकी. तेवढी हलकी टाकी आपल्याला जमली असं समजलं तरी सोळा टन गेले. इंजिनं सात टन धरा. उरले तेहतीस-चौतीस टन, आणि अजून पंखाची एक पट्टीसुद्धा बसवलेली नाही.

त्या नारिंगी टाकीचा रंगही हिशोबातूनच आला आहे. १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत टाकीला पांढरा रंग दिला होता. नंतर कुणीतरी रंगाचं वजन काढलं, ते भरलं २७० किलोंच्या आसपास, आणि तिसऱ्या उड्डाणापासून टाकी तिच्या इन्सुलेशन फोमच्या मूळ रंगातच उडायला लागली. ज्यांच्याकडे फेकून द्यायला दोन मोठे बूस्टर होते आणि टाकीही होती, त्यांची ही कथा.

मग स्लेड कशाला? लोकांना वाटतं तिनं वेग मिळतो. मिळतो, पण किती? स्लेडनं सेकंदाला २५० मीटर दिले असं समजा. वरच्या समीकरणात ११.३ च्या जागी १२ टक्के येतात. पाचशे टनांवर साडेतीन टनांच्या आसपास फायदा. ऐकायला किरकोळ, पण अशा यानात मालच दोन-अडीच टनांचा असतो हे लक्षात घ्या. मात्र स्लेडची खरी कमाई वेगळीच आहे. ती चाकांत आहे. विमानाची चाकं, त्यांचे खांब आणि ब्रेक मिळून उड्डाणाच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास जातात. पाचशे टन धावपट्टीवर पेलणारी चाकं लावलीत तर पंधरा टन गेले. स्लेडवरून सुटलात तर चाकं फक्त उतरतानाच्या साठ टनांसाठी लागतात, म्हणजे जेमतेम दोन टन. तेरा टन वाचले. म्हणून स्लेडला हसू नका. ऑस्ट्रियन इंजिनिअर ऑयगेन झेंगर यांच्या १९३०-४० च्या दशकांतल्या 'झिल्बरफोगेल' आराखड्यात तीन किलोमीटर लांबीचे रूळ होते, १९७० च्या दशकात बोइंगनं मांडलेल्या यानालाही स्लेडच होती, आणि आज वॉशिंग्टन राज्यातली रेडियन एअरोस्पेस 'रेडियन वन'साठी तोच मार्ग धरते आहे. वेगवेगळ्या काळात वेगवेगळी माणसं त्याच उत्तराशी येऊन थांबतात, तेव्हा ते गणितानंच तिथवर आणलेलं असतं.

पण स्लेडची एक पोटदुखी आहे. रूळ संपले, यान हवेत आलं आणि दहाव्या सेकंदाला एक इंजिन बंद पडलं. आता? खाली साठ टनांची चाकं, वर पाचशे टनांचं ओझं. उतरायचं तर आधी चारशे-साडेचारशे टन द्रव हवेत सोडून द्यायला हवं, तेही काही मिनिटांत, तेही हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांत मिसळून पेट घेणार नाहीत अशा बेतानं. यासाठी लागणारे पाइप, वाल्व्ह आणि त्यांना दाब देणारा वायू, या सगळ्याचं वजन त्याच तेहतीस टनांतून. मुलाखतीत हा प्रश्न जरूर विचारा. "इंजिनांची संख्या जास्त आहे, एक गेलं तरी बाकीची पुढे नेतील" हे उत्तर चालण्यासारखं आहे. "तशी वेळ येणार नाही" हे उत्तर आलं तर उठलात तरी चालेल.

वजनाची वही म्हणतोय ती नुसती म्हणायची गोष्ट नाही. प्रत्येक गंभीर प्रकल्पात असा एक तक्ता असतो: प्रत्येक भाग, त्याचं अंदाजी वजन, मोजलेलं वजन, आणि अंदाज किती पिकलेला आहे त्यानुसार वर ठेवलेली राखीव जागा. आमच्या एका पंखवाल्या चाचणी यानाच्या वहीत उष्णतारोधक टाइल्सचं वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं. टाइल चिकटवायच्या सिलिकोनच्या थराची जाडी ०.२ मिलिमीटर धरली होती. साठ चौरस मीटरवर ते सतरा किलो होतं. प्रत्यक्ष काम सुरू झालं. चिकटवणारे आमचे लोक तिथले सगळ्यात अनुभवी, हात इतका सफाईदार की बघत राहावं. पण खालचा पत्रा कुठे-कुठे अर्धा मिलिमीटर दबलेला, आणि टाइल तर सपाट बसायला हवी. मग त्यांनी जे कुणीही शहाणा कारागीर करेल तेच केलं, खळगा सिलिकोननं भरून काढला. सरासरी थर अर्ध्या मिलिमीटरवर गेला. यान काट्यावर चढवलं तेव्हा एकट्या डिंकानं पंचवीस किलो जास्त दाखवले. चूक त्यांची नव्हती. वही लिहिणाऱ्यानं, म्हणजे मी, पत्र्याकडे बघितलंच नव्हतं. वायरिंग, क्लिपा, कंस, डिंक, रंग: वजन नेहमी अशा ठिकाणी वाढतं जिथे बैठकीत कुणी बोटही ठेवत नाही.

एकटप्पी यानात ही वाढ जीवावर बेतते. इंधन आणि माल वगळून उरणारं चोपन्न टनांचं कोरडं वजन पाच टक्क्यांनी वाढलं तर २.७ टन झाले. रेडियननं जाहीर केलेली मालवाहू क्षमता सव्वादोन टनांच्या आसपास आहे. त्याच मापाच्या कुठल्याही यानाचं बोलायचं तर पाच टक्के वाढीत सगळा माल संपतो आणि यान कक्षेत पोचतं ते स्वतःला घेऊन. दोन टप्प्यांच्या रॉकेटमध्ये असं होत नाही. पहिल्या टप्प्यावर आठ-दहा किलो वाढले की मालातला एखादा किलो कमी होतो, काम चालू राहतं. आणि पाच टक्के वाढ ही मी पाहिलेल्या प्रकल्पांत आनंदाची बातमी असायची. कागदावरून धातूत जाताना पंधरा-वीस टक्के सहज चढतात.

याआधी कुणी प्रयत्न केले नाहीत असं नाही. अमेरिकेचं एक्स-३० हे एकटप्पी यान १९८६ मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांच्या भाषणातून जाहीर झालं आणि १९९३ मध्ये गुंडाळलं गेलं. ब्रिटनच्या होटोल या एकटप्पी यानाची गोष्ट मात्र प्रत्येक नवख्यानं समजून घ्यावी अशी आहे. सुटताना टाक्या भरलेल्या, म्हणून गुरुत्वमध्य पुढे. परतताना टाक्या रिकाम्या, उरलं काय तर शेपटाकडची जड इंजिनं, म्हणून गुरुत्वमध्य मागे. त्यात हवेच्या दाबाचा मध्य वेगागणिक सरकतो. यान स्थिर ठेवण्यासाठी एकेक दुरुस्ती करत गेलं की प्रत्येक दुरुस्ती वजन खाते. पुढे त्याच मंडळींतल्या अ‍ॅलन बॉन्ड यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९८९ मध्ये रिअ‍ॅक्शन इंजिन्स काढली आणि स्कायलॉन या नव्या यानाच्या आराखड्यात इंजिनं सरळ पंखांच्या टोकांना नेली. रोग ओळखून केलेला इलाज तो.

एक्स-३३ वर जरा थांबतो, कारण तुमच्या कंपनीचे लोक त्याचं नाव घेतीलच. नासा आणि लॉकहीड मार्टिन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे निम्म्या आकाराचं चाचणी यान. मोठं एकटप्पी 'व्हेंचरस्टार' त्यातून पुढे यायचं होतं. हायड्रोजनची टाकी यानाच्या अंगात बसावी म्हणून ती गोल नळकांड्याची न ठेवता फुगीर कप्पे जोडल्यासारखी केली, आणि हलकी व्हावी म्हणून कार्बन-तंतूच्या दोन कातड्या आणि मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा. नोव्हेंबर १९९९ मध्ये नासाच्या मार्शल केंद्रात ती द्रव हायड्रोजननं भरली, दाब आणि भार दिले, तेव्हा टिकली. घात झाला नंतर. उणे २५३ अंशांना आतल्या कातडीत सूक्ष्म चिरा पडतात, त्यातून हायड्रोजन पोळ्यात शिरतो. टाकी रिकामी करून गरम व्हायला लागली की आत अडकलेलं सगळं फुगतं, बाहेर पडायला वाट नसते. बाहेरची कातडी आणि गाभा आतल्या कातडीपासून सोलून निघाले. मार्च २००१ मध्ये प्रकल्प बंद. नासाचे नव्वद कोटी डॉलरहून जास्त आणि कंपनीचे पस्तीस कोटींहून जास्त खर्च झाले होते, यान एकदाही उडालं नाही.

यातून लोक "कंपोझिट (अशा तंतूंची) टाकी नको" एवढंच शिकतात. ते चूक आहे. काही वर्षांतच हायड्रोजनच्या कंपोझिट टाक्यांनी चाचण्या पार केल्या. माझ्या मते चूक आकारात होती. हवेच्या प्रवाहाला सोयीचा आकार आधी ठरला आणि टाकीला त्यात कोंबलं. दाब सोसणाऱ्या भांड्याला गोल राहू द्यावं आणि यान त्याच्याभोवती बांधावं. तुमच्या कंपनीचा आडवा छेद बघा. टाक्या नळकांड्याच्या आहेत की यानाच्या पोटाच्या आकाराच्या, त्या एका चित्रावरून त्यांच्यात जुने-जाणते कुणी आहेत का ते समजेल.

आता माझा विषय, उष्णता. कक्षेतल्या यानाच्या प्रत्येक किलोत ३० मेगाज्यूलच्या वर गतिज ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत जवळजवळ बारा किलो पाण्याची पूर्ण वाफ होईल. ही सगळी ऊर्जा तासाभराच्या आत हवेत ओतून टाकायची असते, आणि त्यातला एखादा टक्का आत शिरला तरी अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं. इथे मात्र एकटप्पी यानाच्या बाजूनं एक चांगला मुद्दा आहे, जो टीकाकार विसरतात. परतताना ते म्हणजे एक प्रचंड रिकामी टाकी असते. आकार मोठा, वजन कमी. असं यान वरच्या विरळ हवेतच वेग गमावायला लागतं, त्यामुळे कमाल तापमान शटलपेक्षा कमी राहू शकतं. एक्स-३३ नं निकेलच्या मिश्रधातूची पॅनेलं लावायचं धाडस केलं ते याच भरवशावर. धातूच्या पॅनेलवर पाऊस पडला तर काही बिघडत नाही. शटलच्या टाइलला ती मुभा नव्हती.

शटलवर सुमारे २४ हजार टाइल्स होत्या. शुद्ध सिलिकाच्या तंतूंच्या, पोटाकडच्या बहुतेक १,२६० अंशांपर्यंत टिकणाऱ्या, आणि हातात घेतलीत तर थर्मोकोलसारख्या हलक्या. प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर स्वतःचा क्रमांक. तंतूंच्या मधल्या जागेत पाणी शिरू नये म्हणून आत एक रसायन भरलेलं असायचं, आणि परतीच्या उष्णतेत ते जळून जायचं. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर टाइल-टाइलला ते रसायन पुन्हा टोचायचं. हजारोंच्या संख्येत, हातानं. "पुनर्वापर" या शब्दाचं खरं रूप मला तिथे दिसतं, उतरण्याच्या व्हिडिओत नाही.

टाइलांमधल्या फटीही तितक्याच नाजूक. ऑगस्ट २००५ मध्ये डिस्कव्हरी शटलच्या पोटाखालून फटी भरणाऱ्या कापडी पट्ट्या दोन ठिकाणी बाहेर आल्या होत्या, इंचभर किंवा त्याहून कमी. तेवढ्यानं हवेचा शांत थर वेळेआधी खवळेल आणि मागचा पट्टा जास्त तापेल अशी भीती होती. अंतराळवीर स्टीव्ह रॉबिन्सन यांना यांत्रिक हातावर उभं करून यानाच्या पोटाखाली नेलं आणि त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून त्या ओढून काढल्या. प्लाझ्मा चाचणीत, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोतात, मी स्वतः पाहिलंय: शेजारच्या टाइलपेक्षा मिलिमीटरभर वर आलेली कड बाकी सगळ्यांच्या आधी पांढरीशुभ्र होते.

म्हणून वजनाच्या वहीनंतर दुसरा कागद मागायचा तो दोन उड्डाणांमधल्या कामाचा. शटलसाठी योजना दोन आठवड्यांची होती. सगळ्यात जलद फेरी जमली ती १९८५ मध्ये अटलांटिस शटलची, ५४ दिवसांत, आणि चॅलेंजरच्या अपघातानंतर तेवढी घाई पुन्हा कुणी केली नाही. स्टार्टअपच्या सादरीकरणात "४८ तासांत पुन्हा तयार" असं लिहिलेलं असतं. लिहू देत. तुम्ही विचारा: त्या ४८ तासांत किती माणसं, यानाचे कुठले दरवाजे उघडणार, इंजिनाच्या टर्बोपंपात कुठून डोकावणार, एक पॅनेल बदलायला किती स्क्रू आणि किती मिनिटं? ज्यानं खरंच विचार केलाय तो स्क्रूंची संख्या सांगतो. मी एकदा एका तरुण डिझायनरला हेच विचारलं, तर तो उठून गेला आणि पॅनेल, स्क्रूड्रायव्हर आणि घड्याळ घेऊन आला. अकरा मिनिटं. अशा माणसाच्या हाताखाली काम करावं.

एकटप्पी कशाला, दोन टप्पे का नकोत, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण गुंतवणूकदार विचारतील. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा वेगळा होतो तेव्हा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या थोडा वर असतो. कक्षेच्या वेगाशी तुलना केली तर किलोमागे ऊर्जा बाराव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून तो टाइलांशिवाय परत येतो आणि असे काही पहिले टप्पे (बूस्टर) तीसहून जास्त वेळा उडाले. वरचा टप्पा दरवेळी फेकला जातो, तरीही भाव इतका उतरला की बाकीच्यांना धाप लागली. अंतराळविमानाची लढत आता जुन्या महागड्या रॉकेटांशी राहिलेली नाही, ती या बूस्टरशी आहे. सगळ्यात यशस्वी अंतराळविमान, एक्स-३७बी, २०१० पासून उडतंय, एका मोहिमेत ९०८ दिवस वर राहिलं, पण जाताना ते साध्या रॉकेटच्या टोकावर बसून जातं. सिएरा स्पेसच्या ड्रीम चेसर यानाचाही बेत तोच, आणि नासाचं मालवाहतुकीचं कंत्राट २०१६ मध्ये मिळूनही २०२५ संपेपर्यंत ते कक्षेत गेलेलं नव्हतं. वर जायचं अवघड काम दुसऱ्यावर सोपवूनसुद्धा एवढा वेळ लागतो.

मग अंतराळविमानाला गिऱ्हाईक कोण? वर माल न्यायला जवळजवळ कुणी नाही, त्यासाठी स्वस्त ट्रक उभे आहेत. खाली आणायला आहे. कॅप्सूलमध्ये परतताना शरीरावर तीन-चार जी (आपल्या वजनाच्या तीन-चारपट) भार येतो आणि शेवटी समुद्रात धप्पकन आपटायचं. पंखवालं यान दीड जीच्या आसपास ठेवून धावपट्टीवर उतरवतं. कक्षेत वाढवलेले स्फटिक, जिवंत पेशींचे नमुने, आजारी अंतराळवीर यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. कंपनी "खाली किती आणू आणि कुणासाठी" हे आधी बोलत असेल तर त्यांना धंदा कळलाय. "तासाभरात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला प्रवासी" हे आधी बोलत असेल तर त्यांना फक्त पत्रकार परिषद कळलीय.

पैशांचं थोडक्यात. रेडियन २०१६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये २.७५ कोटी डॉलर उभारल्याचं तिनं जाहीर केलं. ड्रीम चेसरवाल्या सिएरा स्पेसनं २०२१ मध्ये एका फेरीत १४० कोटी डॉलर उभारले, आणि तेही पुरले असं दिसत नाही. वरचा एक्स-३३ चा खर्च आठवा. पहिल्या फेरीच्या पैशात कक्षेत जाणारं यान होत नाही. त्यात पुढचा पैसा मिळवून देणारा एखादा पुरावा होतो, आणि तो कुठला निवडलाय ते बघायचं. रेडियननं २०२४ मध्ये अबू धाबीत लहान प्रतिकृती धावपट्टीवर पळवली. यावर लोक हसले, मी नाही. उतरणं आणि हाताळणं आधी तपासायचं हा रास्त क्रम आहे. इस्रोनंही २०१६ मध्ये एक हायपरसॉनिक उड्डाण केलं आणि मग २०२३-२४ मध्ये चित्रदुर्गला हेलिकॉप्टरमधून सोडून तीनदा स्वयंचलित लँडिंग केलं, तेही ताशी ३२० किलोमीटरच्या पुढच्या वेगानं, प्रवासी विमानापेक्षा बरंच जोरात.

रिअ‍ॅक्शन इंजिन्सचा शेवट मला सगळ्यात जास्त लागला. २०१९ मध्ये त्यांच्या प्रीकूलरनं मॅक ५ (ध्वनीच्या पाचपट) इतक्या वेगाची, हजार अंशांहून तापलेली हवा सेकंदाच्या विसाव्या भागात थंड करून दाखवली. तंत्र चाललं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पैसे संपून कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. उलट न्यूझीलंडची डॉन एअरोस्पेस उपग्रहांसाठी छोटी इंजिनं विकते आणि त्या आधारानं आपलं रॉकेट-विमान हळूहळू वर नेते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते ध्वनीच्या वेगापलीकडे गेलं. कक्षा अजून फार लांब आहे, पण पगार वेळेवर होत असावेत.

तर, जाऊ का? तुमचं वय आणि अनुभव पाहता मी गेलो असतो, पण डोळे उघडे ठेवून. मोठ्या कंपनीत दहा वर्षांत एक वाल्व्ह तुमच्या वाट्याला येईल. इथे दोन वर्षांत टाकी, आवरण, चाकं, चाचणी सगळ्याला हात लागेल, आणि यान उडो न उडो ते शिकलेलं तुमच्याबरोबर राहतं. घरचा खर्च तुमच्या एकट्याच्या पगारावर असेल तर मात्र आधी विचारून घ्या की बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत. संस्थापकांना या प्रश्नाचा राग येत असेल तर तेही उत्तरच आहे.

मुलाखतीत कोरड्या वजनावर राखीव किती ठेवलंय ते विचाराल तेव्हा आकडा नीट ऐका. आकार अजून पक्का झालेला नसताना वीस-पंचवीस टक्के सांगितले आणि त्यातले गेल्या वर्षी किती खर्च झाले तेही सांगितलं, तर शेअर्स घ्यायला हरकत नाही. पाच-सात टक्के सांगितले तर नोकरी घ्या हवी तर, पण शेअर्सऐवजी पगार वाढवून मागा.